नाईट ड्यूटी सांभाळून केलेली साधना

उज्जीवन सभांवर वाढलेली मी. नगरकडच्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती घरात यात नवल काही नाही. उन्हाळ्यात मांडव पडायचा, बाहेरगावचे उपदेशक यायचे, पेटी-तबल्यावर रात्री उशिरापर्यंत गाणी रंगायची आणि शेवटच्या दिवशी ज्यांना प्रभूला जीवन द्यायचं असेल त्यांना पुढं बोलावलं जायचं. लोक रडत पुढं जायचे आणि नवे होऊन जागेवर परत यायचे. दौंडजवळच्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली झालेल्या उज्जीवनाच्या गोष्टी आजी अशा रंगवून सांगायची, जणू तेव्हा ती तिथं पहिल्या रांगेत होती. खरं तर तिचा जन्मही झालेला नव्हता. जिवाचं नवीकरण म्हणजे एका रात्रीचा मामला, हे आमच्या घरात ठरलेलंच होतं.

मीही पुढं गेलेली आहे, एकदा नाही, चांगली तीनचारदा. ते नाटक नव्हतं, आजही तसं वाटत नाही. पण मांडव सुटला की महिन्याभरात मी पुन्हा जिथल्या तिथं असायचे. तरुणपणी त्याचं काही वाटलं नाही. पन्नाशी आली तेव्हा वाटायला लागलं. मी हॉस्पिटलात ऑर्थो वॉर्डला स्टाफ नर्स, मुलं हाताखाली आलेली, आणि मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पंच कमिटीवर खजिनदार. मंडळीच्या जागेवरून दोन तट पडले होते. धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज, त्याला उत्तरादाखल दुसऱ्या गटाचा अर्ज. उपासना सुटल्यावर दारात कोण कुणाचा हात हातात घेतं आणि कोण रुमाल शोधायच्या निमित्तानं बाजूला होतं, यावर सगळ्यांची नजर. प्रभुभोजनाच्या रविवारी भाकर हातात असायची आणि डोक्यात मात्र संध्याकाळच्या मीटिंगमध्ये कुणाला कसं गप्प करायचं याची जुळवाजुळव चालायची. हे असंच चालू राहिलं तर आपण फक्त हजेरी लावणारे ख्रिस्ती होऊ, याची मला भीती वाटली.

त्या सुमारास वॉर्डात खुब्याच्या ऑपरेशनसाठी एक वयस्क जेझुइट फादर, म्हणजे संत इग्नेशियसनं काढलेल्या कॅथलिक संघातले धर्मगुरू, दाखल झाले. ते रात्री झोपेची गोळी नको म्हणायचे आणि डोळे मिटून बराच वेळ बसून राहायचे. मला वाटायचं, दुखतंय. एकदा विचारलं तर म्हणाले, ‘दिवस तपासतोय, ताई.’ त्यातून बोलणं निघालं. त्यांनीच संत इग्नेशियसच्या साधनेबद्दल सांगितलं आणि नगर रस्त्यावरच्या त्यांच्या घरातल्या एका दुसऱ्या फादरांचं नाव दिलं.

इग्नेशियस लोयोलाची गोष्ट ऑर्थोच्या नर्सला आवडणारीच आहे. हा स्पेनमधला मानी शिपाईगडी. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून पाय मोडला. हाड वाकडं जुळलं म्हणून पुन्हा मोडून बसवलं. तरी गुडघ्याखाली हाडाचा उंचवटा राहिला, आणि तंग बुटात तो वाईट दिसेल म्हणून यानं तो कापून घेतला. भूल नावाची गोष्ट जगात नव्हती तेव्हा! मग महिनोन्‌महिने अंथरुणावर. वाचायला शौर्याच्या कथा मागितल्या, तर घरात ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या कथा एवढंच निघालं. पडल्या पडल्या त्याच्या एक ध्यानात आलं. लढाया आणि सुंदर स्त्रियांची स्वप्नं रंगवताना मजा यायची, पण ती सरली की मन कोरडं पडायचं. संतांसारखं जगण्याचे विचार मात्र येऊन गेल्यावरही मागं उभारी ठेवून जायचे. कुठला विचार आपल्याला कुठं नेऊन सोडतो, हे पाहायची सवय त्याला तिथं लागली. पुढं मानरेसा गावात त्यानं प्रार्थनेचे जे अनुभव टिपून ठेवले, त्यांचं ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक झालं. १५४८ मध्ये पोपनं त्याला मान्यता दिली. ते वाचत बसायचं पुस्तक नाही, मार्गदर्शकानं हाताशी ठेवायचं आहे. मूळ साधना तीस दिवस मौनात करायची. ज्याला नोकरी-संसार सोडून जाता येत नाही त्यानं ती रोज थोडी थोडी, घरी राहून करावी, अशी सोय खुद्द इग्नेशियसनंच त्याच्या एकोणिसाव्या सूचनेत करून ठेवली आहे. माझ्यासारख्यांसाठीच.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, ‘कॅथलिकांकडं कशाला? आपल्या पाळकसाहेबांना प्रार्थना येत नाही का?’ भाऊ म्हणाला, हे परदेशी खूळ आहे. मी त्याला म्हटलं, अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ मध्ये आलं, ते काय देशी होतं? आणि ख्रिस्तपुराण लिहिणारे फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले, ते जेझुइटच. म्हणजे ही साधना करूनच आलेले असणार. भावानं विषय बदलला.

पहिल्या भेटीत फादरांनी प्रवचन दिलं नाही, याचीच मला गंमत वाटली. रोज साधारण तासभर देता येईल का, आठवड्याला एकदा येता येईल का, आणि तुम्हाला देवाकडून नेमकं काय हवंय, एवढंच विचारलं. तिसऱ्या प्रश्नाला मी सभेत देतात तसं गुळगुळीत उत्तर दिलं. ते म्हणाले, ‘पुढच्या वेळी सांगितलंत तरी चालेल.’

सुरुवात सप्टेंबरात झाली. पहिले काही आठवडे बायबलमधले सोपे उतारे: स्तोत्र १३९, यशया ४३, उधळ्या पुत्राचा दाखला. वाचायचं, जिथं मन थांबेल तिथं थांबायचं, शेवटी मित्राशी बोलावं तसं प्रभूशी बोलायचं आणि काय झालं ते वहीत दोन ओळींत लिहायचं. डे ड्यूटी असली की पहाटे, नाईट असली की सकाळी घरी येऊन आंघोळ झाल्यावर. नाईटनंतर डोळे मिटले की घोरायलाच लागायचे. फादर म्हणाले, उघडे ठेवा, खिडकीकडं बघत बसा. आमच्याकडं प्रार्थना म्हणजे बोलणं. उभं राहून, सुरात, सगळ्यांची नावं घेत. गप्प बसून काही होतं यावर माझा विश्वास नव्हता, आणि पहिला महिनाभर खरंच काही झालं नाही.

मग आला साधनेचा पाया. माणूस देवाची स्तुती आणि सेवा करण्यासाठी घडवला आहे, बाकी सगळं त्याला साहाय्य म्हणून दिलं आहे, तेव्हा ते जेवढं उपयोगी तेवढंच घ्यावं. इथवर ठीक. पुढं इग्नेशियस म्हणतो की म्हणून आपण आजारपणापेक्षा आरोग्य, दारिद्र्यापेक्षा संपत्ती, अपमानापेक्षा मान, अल्पायुष्यापेक्षा दीर्घायुष्य हवं असा आपल्यापुरता हट्ट धरू नये.

मी वही मिटली. त्या आठवड्यात वॉर्डात बाईकवरून पडलेला एक विशीतला मुलगा होता, दोन्ही पाय ट्रॅक्शनला. त्याची आई रोज मला विचारायची, ‘सिस्टर, चालंल ना हो हा?’ तिला काय सांगू, की बाई, चालला काय, न चालला काय? आरोग्य हवंसं वाटणं ही माझी नोकरी आहे. फादरांना हे सगळं चिडूनच ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘त्या मुलाला बरं वाटावं म्हणून तुम्ही झटताय, ते कुणी सोडायला सांगितलेलं नाही. तुमच्या स्वतःच्या बाबतीत यातलं कुठलं सोडवत नाही, ते बघा.’ दोन आठवडे तिथंच अडकवून ठेवलं मला.

आरोग्य नव्हतंच ते. मान होता. खजिनदारबाईंना विचारल्याशिवाय मंडळीत पान हलत नाही, हे ऐकायला मला आवडायचं. कॅश आणि पावतीपुस्तक माझ्या कपाटात असायचं, आणि किल्ली कमरेला. भांडण तत्त्वाचं आहे असं मी सगळ्यांना सांगत होते, आणि तत्त्व त्यात होतंही, पण रात्री झोप उडायची ती तत्त्वानं नाही.

पापांवरच्या आठवड्यांबद्दल फार लिहीत नाही, ते ज्याचं त्यानं करायचं असतं. तिथं एक प्रार्थना क्रुसावरच्या ख्रिस्तासमोर बसून करायची आहे: मी ख्रिस्तासाठी काय केलं, काय करते आहे, काय करायला हवं? आमच्या चर्चमध्ये क्रूस रिकामा असतो. प्रभू उठला, असं आम्ही म्हणतो. मूर्ती लावलेल्या क्रुसासमोर बसायला मला अवघड गेलं, शेवटी रिकाम्याच क्रुसासमोर बसले. फादरांनी त्यावर एक शब्द काढला नाही.

रोज रात्रीचा पंधरा मिनिटांचा भाग मात्र मला पहिल्या दिवसापासून जमला. आधी दिवसाबद्दल आभार, मग देवानं उजेड द्यावा अशी विनंती, मग सकाळपासून एकेक तास डोळ्यांसमोरून घालायचा, चुकलं त्याची क्षमा, उद्याची तयारी. वॉर्डात आम्ही ड्यूटी संपताना ओव्हर देतो ना, बेड एकपासून शेवटपर्यंत, कुणाचं सलाईन चालू, कुणाचा ताप उतरला, कुणाकडं लक्ष ठेवायचंय, तसंच हे. लपवालपवी करून ओव्हर देता येत नाही, पुढच्या सिस्टरला अर्ध्या तासात कळतंच. आणि नुसत्या तक्रारी सांगितल्या तरी ती ओव्हर होत नाही. मला पाप तेवढं शोधायची सवय होती. ताप उतरलेलेही सांगायचे असतात, हे लक्षात यायला वेळ लागला.

डिसेंबरात येशूजन्मावर आलो. इथं इग्नेशियस काय करायला लावतो पाहा. नासरेथहून बेथलेहेमचा रस्ता डोळ्यांसमोर आणायचा: किती लांब, किती रुंद, सपाट की दऱ्याखोऱ्यांतला. गुहा किती मोठी, किती ठेंगणी. आणि आपण स्वतः तिथं गरीब चाकर होऊन हजर राहायचं, जे लागेल ते द्यायचं. मी आधी कुरकुरले. पवित्र शास्त्रात नाही ते मनानं कसं घालायचं? फादर म्हणाले, ‘घालू नका काही. बघा फक्त.’

बघायला बसले तर दिसला पाथर्डीकडचा रस्ता. नोकरीच्या सुरुवातीला मी त्या भागातल्या ग्रामीण रुग्णालयात होते. दिवाळीच्या आगेमागे तिकडून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडं निघतात. ट्रकमध्ये अख्खा संसार: पत्र्याच्या पेट्या, पातेली, गोधड्या, एखादी शेळी, आणि वर बसलेली माणसं. दिवस भरलेल्या बायकाही निघतात, कारण उचल आधीच घेतलेली असते. एका रात्री अशीच एक गाडी दवाखान्याच्या दारात थांबली. बाईला आत आणायलाही उसंत मिळाली नाही, बाळंतपण ट्रकच्या फाळक्यालगत, बॅटरीच्या उजेडात झालं. नवरा पाठ करून उभा होता आणि काय करावं न कळून नुसता शेळीचा दोर धरून होता.

तीच बाई, तोच फाळका, तोच दोर धरलेला माणूस. त्याला मी योसेफ म्हणतेय हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. चाकर होऊन काय करायचं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पाणी तापवा, कोरडं फडकं आणा, वार पूर्ण पडली का बघा, आईला पांघरूण घाला. बाळ पुसून तिच्या छातीवर ठेवलं. इतक्या वर्षांच्या नाताळांत, इतक्या नाटुकल्यांत आणि गाण्यांत, बाळंतपण झालेल्या बाईला आधी पाणी पाजावं हे मला कधी सुचलं नव्हतं. त्या दिवशी तास कधी संपला कळलं नाही. फादरांना सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, ‘बाळ रडलं?’ मी म्हटलं, रडलं. ‘बरं झालं,’ म्हणाले.

असं काही झालं की वाटतं, आता जमलं. जानेवारीत सगळं आटलं. बसलं की कंटाळा, वाचलं की अक्षरं. हे कॅथलिक प्रकार आपल्यासाठी नाहीत, आईचंच बरोबर होतं, इथपर्यंत मजल गेली. त्यात मंडळीच्या मीटिंगमध्ये माझ्या हिशेबांवरच शंका घेतली गेली, तीही भर सभेत. मी घरी येऊन रात्री राजीनामा लिहिला, चांगली पाच पानं. कुणी केव्हा काय केलं, तारीखवार. फादरांना दाखवायला घेऊन गेले. त्यांनी तो वाचलाच नाही, बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘प्रार्थना कशी चाललीय?’ चालतच नाहीये म्हटल्यावर म्हणाले, ‘मग आत्ता काही ठरवायचं नाही. राजीनामा देऊ नका असं मी म्हणत नाही. आत्ता देऊ नका.’

हा इग्नेशियसचा नियम आहे. मन कोरडं, अंधारलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही, कारण त्या वेळी सल्ला देणारा आवाज भलताच असतो. उलट, प्रार्थना नकोशी वाटते तेव्हा ठरलेल्या तासापेक्षा थोडं जास्तच बसायचं. उज्जीवन सभेत हे कुणी सांगत नाही. तिथं कोरडं वाटलं तर तुझ्या जीवनात काही पाप लपलं असेल, असं म्हणतात. इग्नेशियसही आपला हलगर्जीपणा हे एक कारण धरतो, पण आणखी दोन देतो: यातून आपली परीक्षा होते, आणि गोडी ही आपली कमाई नसून देणगी आहे हे कळावं म्हणूनही ती काढून घेतली जाते. मला हे तिसरं पटलं. ट्रकच्या फाळक्याचं ते मी केलेलं नव्हतं, दाखवलं गेलं होतं.

पाच पानं कपाटात, पावतीपुस्तकाखाली. मी रोज बसत राहिले. रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं म्हणायचे, निदान तोंड चालू राहावं म्हणून. नगरला लहानपणापासून पाठ असलेली, त्यामुळं अर्थाकडं कधी लक्ष गेलं नव्हतं. आता जात होतं. सुमारे महिन्यानं हळूहळू ओल आली. कुठल्या दिवशी, ते सांगता येणार नाही.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे उतारे. गेथशेमानेत शिष्यांना झोप लागते तिथं मी नाईट करून आल्यामुळं खरोखरच झोपले, त्याबद्दल मला आता काही वाटत नाही. पुनरुत्थानाच्या आठवड्यात मात्र फादरांशी जुंपली. इग्नेशियसच्या मते उठलेला प्रभू सर्वांत आधी आपल्या आईला भेटला. चारही शुभवर्तमानांत असं कुठं नाही. मी ते करायला साफ नकार दिला. फादर हसले आणि योहानाचा विसावा अध्याय दिला. बागेत मरीया मग्दालीया रडत उभी आहे, समोर कोण आहे ते तिला ओळखू येत नाही, माळी वाटतो. नावानं हाक मारल्यावर ओळखते. मला आधी वाटलं होतं, ओळखायला इतका वेळ कसा लागतो. आता लागतो असंच वाटतं.

राजीनाम्याचा विषय त्यानंतर पुन्हा काढला. निर्णयासाठी इग्नेशियस काही युक्त्या देतो. एक म्हणजे आपण मरणाच्या दारात आहोत असं समजून, तेव्हा आपण काय निवडलेलं असावं असं वाटेल ते पाहायचं. ती मला उपयोगाची नव्हती. मी बरीच मरणं पाहिली आहेत, माणसं त्या वेळी पाणी मागतात. दुसरी युक्ती: कधी न पाहिलेली एखादी व्यक्ती हाच प्रश्न घेऊन आली तर तिला काय सांगाल? मी त्या अनोळखी खजिनदारबाईला सांगितलं, बाई, पद सोड, पण हिशेबावर शंका आलेली असताना सोडू नकोस. आधी वह्या ऑडिटरकडं दे. ऑडिट होऊ दे. मग जा.

तसंच केलं. ऑडिटला उन्हाळा गेला. एका ठिकाणी साडेतीनशे रुपयांची पावती सापडत नव्हती, ती वर्गणीच्या जुन्या पुस्तकात निघाली. वह्या, किल्ली आणि चार ओळींचा राजीनामा एकाच वेळी दिला. पाच पानं फाडली. फाडताना त्यातलं एक वाक्य मला अजून फार झकास वाटलं, हेही सांगून टाकते.

साधनेच्या शेवटी एक अर्पणाची प्रार्थना आहे: माझं सगळं स्वातंत्र्य, माझी स्मरणशक्ती, बुद्धी आणि इच्छा घे, तुझं प्रेम आणि कृपा तेवढी दे. तिथं मी स्मरणाशी अडखळते. आईला अलीकडं दिवसातून अनेकदा तोच प्रश्न विचारायची सवय लागली आहे, डॉक्टरांनी त्याला नावही दिलंय. स्मरणशक्ती घे असं म्हणायचं म्हणजे काय, हे आमच्या घरात रोज दिसतं. मी तेवढा शब्द गाळून पुढं जाते. फादरांना सांगितलं, त्यांना चाललं.

करायची इच्छा असलेल्यांसाठी दोन गोष्टी. पुस्तक विकत आणून एकट्यानं सुरू करू नका, सोबत बसणारं माणूस आधी शोधा. जेझुइटांच्या घरांत चौकशी करा, प्रोटेस्टंट आहात म्हणून कुणी परत पाठवत नाही. आणि नैराश्याचे उपचार चालू असतील तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला, गोळ्या सुरूच ठेवा आणि मार्गदर्शकालाही ते पहिल्याच भेटीत सांगा. साधनेतला कोरडेपणा आणि आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुसऱ्यावर तासापेक्षा जास्त बसणं हा इलाज नाही.

फादरांची आता बदली झाली आहे. त्यांच्या सांगण्यावरून महिन्यातून एकदा एका धर्मभगिनींकडे जाते. रोजचा तास टिकला नाही, अर्धाच होतो. रात्रीची ओव्हर चालू आहे. मंडळीतला अर्ज अजून निकाली निघालेला नाही. रविवारी उपासना सुटल्यावर मी दारात सगळ्यांशी हात मिळवते, दोघेजण अजूनही रुमाल शोधतात.